लीड आली, काम कुठं गेलं?

(सेवा-व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी कधी ना कधी ‘बूस्ट’चं, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं, बटण दाबलेलं असणार. फेसबुकच सुचवतं, पोस्ट चांगली चालली आहे, बूस्ट करा. आपण ५०० रुपये टाकतो. लाइक येतात, मेहुणा ‘नाइस वर्क’ लिहितो आणि फोन काही वाजत नाही. मग आपण ठरवून टाकतो, फेसबुकवर काही होत नाही.

ही यंत्रणा मागाल तेवढंच देते. लाइक मागितलेत तर दिसेल त्यावर अंगठा दाबणारी माणसं ती बरोबर शोधून आणते. त्यांना तुमच्या कामाची गरज आहे की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. फोन हवा असेल तर ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे फेसबुकच्या जाहिराती चालवायच्या पानावर, जाऊन ‘लीड्स’ हे उद्दिष्ट निवडा (लीड म्हणजे चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकाचं नाव-नंबर), किंवा थेट व्हॉट्सॲपवर संभाषण सुरू होईल अशी जाहिरात करा. हे झालं सोपं. खरी गोची पुढं आहे.

आज एकच धंदा धरून बोलतो, वॉटरप्रूफिंगचा. आपल्याकडं या धंद्याची अडचण अशी की गिऱ्हाइकाला गळती आठवते जूनमध्ये आणि गच्चीचं काम करायचे दिवस असतात त्याआधीचे. पहिला जोराचा पाऊस झाला की फोनवर फोन, आणि सगळ्यांना तुम्ही आत्ताच्या आत्ता यायला हवे असता. ओल्या स्लॅबवर कोटिंग धरत नाही, म्हणून तुम्ही सांगता, उघडीप पडू द्या. दिवाळी येईपर्यंत तो माणूस गळती विसरलेला असतो. तरी बहुतेक जण पैसे ओततात ते जूनमध्येच, कारण लीड पटापट येतात. माझं मत विचाराल तर मोठा खर्च मार्च ते मेमध्ये करा. पावसाळ्यात जाहिरात करायचीच तर ती वेगळी करा: ‘गळतंय तोवर पाहणी करून घ्या, काम उघडीप पडल्यावर.’ पाणी नेमकं कुठून शिरतंय हे भर पावसातच दिसतं, आणि हे वाक्य गिऱ्हाइकाला पटतं, कारण ते खरं आहे.

जाहिरातीत काय दाखवायचं? ‘उत्कृष्ट सेवा, वाजवी दर’ सगळेच लिहितात. फेसबुकची ॲड लायब्ररी उघडा. ती सगळ्यांना खुली आहे, तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या चालू जाहिराती तिथं दिसतात. सगळ्यांची वाक्यं सारखी आणि इंटरनेटवरून उचललेला हेल्मेटवाला इंजिनियरही तोच. त्यापेक्षा मोबाइल उभा धरा आणि स्वतःच्या साइटवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातली चीर, जुना कोबा फोडताना खाली निघालेली ओल, काम झाल्यावर चाचणीसाठी गच्चीत तुंबवून ठेवलेलं पाणी. चीर पहिल्या तीन सेकंदांत दिसू द्या, लोगो मागाहून येऊ दे. ‘आयुष्यभर गळणार नाही’ असलं काही लिहू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात सेवेचीही धरली जाते. किती वर्षांची हमी आणि ती लेखी देता का, एवढं सांगितलं तरी पुरे.

भागांची नावं मजकुरातच घाला, पुण्यात असाल तर: कोथरूड, वारजे, कर्वेनगर. नकाशावर पिन टाकून अंतर ठरवता येतं, पण त्यात नुकताच त्या भागात येऊन गेलेला माणूसही धरला जातो. नाव वाचून दुसऱ्या टोकाचा वाघोलीवाला आपसूक गळतो आणि तुमच्या पोरांचा दिवस ट्रॅफिकमध्ये जात नाही.

आता जाहिरातीवर टिचकी मारली की उघडतो तो फॉर्म. फेसबुक नाव आणि नंबर स्वतःच भरून देतं. दोन टिचक्यांत फॉर्म जातो आणि तुम्ही फोन केलात की समोरून प्रश्न येतो, ‘मी कुठं भरला फॉर्म?’ म्हणून जास्तीत जास्त लीड आणणारा हा झटपट फॉर्म सोडा. पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासायला लावणारा जो प्रकार आहे, तो घ्या. त्यात विचारा: बंगला, फ्लॅट की सोसायटी? हा प्रश्न फार कामाचा. सोसायटीत गळतं वरच्या मजल्यावरच्याकडं, पण ठरवते कमिटी, तीन कोटेशनं मागवून. तिथं घाई करून उपयोग नसतो. सेक्रेटरीला बैठकीत पुढं ठेवता येईल असा एक पानाचा कागद द्या.

अशा फॉर्मनं लीड महाग होते, आणि एजन्सीवाले तिथंच घाबरवतात. हिशोब करू. समजा १०,००० रुपये खर्चले. एका जाहिरातीनं १०० रुपयांना एक अशा १०० लीड दिल्या, त्यांतून २ कामं झाली. दुसरीनं ४०० रुपयांना एक अशा २५ दिल्या, कामं ५ झाली. पहिलीत एक काम ५,००० ला पडलं, दुसरीत २,००० ला. वर १८ टक्के जीएसटी आहेच. तुमचा जीएसटी क्रमांक जाहिरात खात्यात भरलाय ना, तेवढं बघा. आणि ते खातं तुमच्या नावावर हवं, एजन्सीच्या नाही.

आणखी एक. ॲड सेट, म्हणजे एकाच बजेटवर आणि एकाच प्रकारच्या लोकांना दाखवायच्या जाहिरातींचा गट, जाहिरात कुणाला दाखवायची हे शिकून स्थिरावायला आठवड्याला साधारण ५० निकाल (आपल्यासाठी लीड) लागतात, असं फेसबुकची कंपनी मेटा सांगते. दिवसाला ३०० रुपयांत पाच ॲड सेट चालवाल तर एकही शिकणार नाही. एकच ठेवा आणि रोज रात्री त्यात हात घालू नका.

एवढं करूनही बहुतेक कामं जातात ती फोनवर. लीड आली तेव्हा मालक परांचीवर उभा, हातात ड्रिल, फोन खिशात. संध्याकाळी आठवण होईपर्यंत गिऱ्हाइकानं दुसऱ्या दोघांना विचारलेलं असतं. अनोळखी नंबर तर लोक उचलतच नाहीत. आधी व्हॉट्सॲपवर जाहिरातीतलाच फोटो आणि दोन ओळी पाठवा, मग फोन करा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबलं आहेत: पाहणी ठरली, कोटेशन दिलं, काम मिळालं. घरातल्या कुणालाही हे सांभाळता येतं.

(श्रोत्यांतून प्रश्न: महिन्याला किती खर्च करावा?)

आधी मला सांगा, तुमची माणसं दिवसाला किती पाहण्या करू शकतात? दोन? म्हणजे आठवड्याला बारा. एका पाहणीमागं किती लीड लागतात, ते महिनाभर वहीत लिहा. बारा पाहण्यांना पुरतील एवढ्या लीडचे पैसे, हे तुमचं आठवड्याचं बजेट. त्याहून जास्त फोन यायला लागले तर बजेट थोडं उतरवा, नाहीतर आणखी एक पाहणीवाला ठेवा.