अवशेषांवरचे छप्पर आणि आतली हवा

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागलेला आपण पाहिला असेल. बोट फिरवले की पांढरी भुकटी हाताला लागते आणि तिच्याबरोबर गिलाव्याचा पापुद्राही सुटतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते, पाणी उडून जाते, आणि मागे राहिलेल्या क्षारांचे स्फटिक छिद्रांत वाढत गिलाव्याला आतून फोडतात. उत्खननातले अवशेष जागेवरच ठेवून त्यांच्यावर अभ्यागत केंद्र बांधायचे ठरते, तेव्हा वास्तुरचनाकाराची खरी गाठ याच क्षारांशी असते.

सिसिलीत पियात्सा आर्मेरिना गावाजवळ चौथ्या शतकातला एक रोमन वाडा आहे. त्याच्या चित्रमय मोझेइक, म्हणजे रंगीत दगडांचे बारीक तुकडे जडवून केलेल्या, फरश्या सुमारे 3,500 चौरस मीटरवर पसरलेल्या आहेत. 1950 च्या दशकाच्या अखेरीस इटालियन वास्तुरचनाकार फ्रांको मिनिस्सी यांनी त्यांच्यावर पारदर्शक छप्पर उभारले. मूळ दालनांचा आकार जाणवावा आणि फरशी उजेडात दिसावी, ही त्यामागची कल्पना खरोखरच सुंदर होती. मात्र उन्हाळ्यात आत उष्णता कोंडू लागली, आणि ज्या फरश्यांसाठी सारा खटाटोप केला त्यांनाच ती बाधू लागली. पुढे ते काढून लाकडी सांगाड्याचे अपारदर्शक छप्पर घालण्यात आले. हे काम 2012 च्या सुमारास पुरे झाले.

मग वातानुकूलन यंत्र बसवले की झाले, असे वाटेल. परंतु मूर्ती उचलून काचेच्या कपाटात ठेवता येते, तसे पाया जमिनीत रुतलेल्या भिंतीचे करता येत नाही. हवा कोरडी केली की भिंत जमिनीतून आणखी ओल ओढते. साधे मीठ सुमारे 75 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर विरघळते आणि खाली आले की पुन्हा स्फटिक होते. वीज वाचवण्यासाठी यंत्र रात्री बंद ठेवले, तर ही सीमा रोज दोनदा ओलांडली जाण्याचा धोका असतो, आणि प्रत्येक वेळी दगडाला आतून धक्का बसतो. त्यात प्रत्येक प्रेक्षक सुमारे 100 वॅट उष्णता आणि तासाला साधारण 50 ग्रॅम बाष्प सोडत असतो.

म्हणून गारवा हवाच असेल, तर तो प्रेक्षकांच्या मार्गिकेपुरता, मंद झोताने द्यावा; प्रवेशाला दोन दारांची देवडी ठेवावी; अवशेषांभोवती चर खणून पावसाचे पाणी दूर न्यावे. आणि तापमान व आर्द्रता मोजणारे मापकयंत्र छताजवळ न टांगता भिंतीपासून वीतभर अंतरावर लावून निदान चारही ऋतूंच्या नोंदी घ्याव्यात. यंत्राची निवड त्यानंतरची.