पंचवीस बटणांची निवडणूक

[दृश्य: बाकावर ५ बाय ५ चौकटींचा कागद. चौकटींत एकेक बटण ठेवणारे हात.]

२५ घरं. प्रत्येक घरात एक मतदार. डावीकडच्या दोन उभ्या रांगांत १० जांभळी बटणं, उजवीकडच्या तीन रांगांत १५ पिवळी. या गावाचे ५ मतदारसंघ पाडायचे आहेत. प्रत्येकात बरोबर ५ घरं, कमी नाही, जास्त नाही. आणि घरं एकमेकांना बाजूने लागून हवीत. नुसता कोपऱ्याला कोपरा टेकला तर ते शेजारी धरायचे नाहीत.

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये, बहुधा बारावीला, 'गव्हर्नमेंट' हा विषय येतो. त्याचाच कॉलेजच्या तोडीचा प्रकार म्हणजे एपी गव्हर्नमेंट. त्यात एक शब्द हमखास भेटतो : जेरीमँडरिंग. आपल्या पक्षाला सोयीचे पडतील असे मतदारसंघ आखणं. व्याख्या एका ओळीची, मुलं दोन मिनिटांत पाठ करतात. आणि परीक्षेत तिथेच चुकतात, कारण रेघ हलली की निकाल कसा हलतो हे त्यांनी हाताने करून पाहिलेलं नसतं. म्हणून ही बटणं.

मराठी प्रेक्षकांना हे प्रकरण परकं वाटू नये. महापालिकेच्या प्रभागरचनेचा प्रारूप आराखडा लागला की हरकती-सूचनांसाठी जी धावपळ उडते, कुठली सोसायटी कुठल्या प्रभागात गेली यावर जी कुजबुज होते, ती आठवा. विषय तोच.

[दृश्य: रंगीत लोकरीचे तुकडे, स्केचपेन, घड्या घातलेल्या चिठ्ठ्या.]

साहित्य स्वस्त आहे. तीन-चार मुलांच्या गटाला एक कागद, २५ बटणं, सीमा दाखवायला लोकरीचे तुकडे. बटणांचा रंग मात्र विचार करून निवडायचा. लाल आणि निळा नको. अमेरिकेत लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट, हे सहावीतलं पोरही जाणतं. ते दोन रंग बाकावर आले की मुलं कागदाकडे बघतच नाहीत. घरचं राजकारण वर्गात येतं आणि तास वादात जातो. जांभळ्या-पिवळ्याच्या बाजूने भांडायला कुणी येत नाही.

तास ४५ मिनिटांचा. नियम सांगायला ५ मिनिटं. मग पहिली फेरी, १० मिनिटांची, आणि तिच्यात कुठलंही उद्दिष्ट द्यायचं नाही. 'नीट वाटतील असे मतदारसंघ पाडा,' एवढंच सांगायचं. बहुतेक गट सरळ रेघा मारतात. काही उभ्या, काही आडव्या. मग निकाल फळ्यावर येतात.

[दृश्य: फळा. दोन सारखेच कागद शेजारी शेजारी, एकावर उभ्या रेघा, दुसऱ्यावर आडव्या.]

उभ्या रेघा मारणाऱ्यांचं उत्तर : जांभळे २, पिवळे ३. मतांच्या प्रमाणात जागा. आडव्या रेघा मारणाऱ्यांचं उत्तर : पिवळे ५, जांभळे शून्य. कारण प्रत्येक आडव्या रांगेत २ जांभळी आणि ३ पिवळी, म्हणजे पाचही ठिकाणी पिवळ्यांची सरशी. बटण एकही हललेलं नाही, रेघा दोन्हीकडे सरळ आहेत, कुणी लबाडीही केलेली नाही. तरी ४० टक्के मतदारांच्या हाती एकही जागा नाही.

इथे थांबायचं. पुढचं सांगण्याची घाई झाली की धडा वाया गेला. मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की वेडावाकडा मतदारसंघ म्हणजे लबाडी आणि चौकोनी म्हणजे न्याय. ही समजूत त्यांच्याच कागदावर मोडलेली असते. ती मोडल्याचं त्यांना स्वतःला दिसू द्यावं.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक गटाला एक चिठ्ठी मिळते. कुणाच्या चिठ्ठीवर 'पिवळ्यांना ५ जागा', कुणाच्या 'जांभळ्यांना ३ जागा'. पिवळ्यांचं काम पहिल्या फेरीतच होऊन गेलेलं असतं. जांभळेवाले मात्र घामाघूम होतात. १० बटणांत ५ पैकी ३ जागा!

[दृश्य: कॅमेरा कागदाच्या अगदी जवळ. लोकरीचा तुकडा चौकटींतून वळत जातो.]

रीत अशी. सगळ्यात वरच्या रांगेतली पहिली ४ घरं घ्या आणि पहिल्या घराच्या खालचं एक. ३ जांभळी, २ पिवळी. एक जागा आली. तळाशी त्याचंच उलटं चित्र : शेवटच्या रांगेतली पहिली ४ आणि पहिल्याच्या वरचं एक. दुसरी जागा. आता मधल्या रांगेतली पहिली ३ घरं, आणि त्यांतल्या दुसऱ्या-तिसऱ्याच्या खालची २. पुन्हा ३ जांभळी, २ पिवळी. तिसरी जागा. ९ जांभळी बटणं कामी आली, एक उरलं. ते दुसऱ्या रांगेतली ३ आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातलं १, अशा ४ पिवळ्यांच्या सोबतीला जातं, आणि शेवटचा मतदारसंघ उजवीकडच्या ५ पिवळ्यांचा. १५ मतं असून पिवळे २ जागांवर.

यातून दोन शब्द निघतात. जिथे पिवळे थोडक्यात हरावेत म्हणून दोन-दोन करून वाटले, ते क्रॅकिंग. आपल्याकडे 'प्रभाग फोडला' म्हणतात, तसंच. आणि शेवटच्या मतदारसंघात पाचच्या पाच पिवळे कोंबले, ते पॅकिंग. मुलं या दोन शब्दांची हमखास अदलाबदल करतात. पाठांतराने ती सुटत नाही. लोकरीवर बोट ठेवून 'इथे फोडलं, इथे कोंबलं' असं दोनदा म्हणायला लावलं की सुटते.

एखादा हुशार गट ४ जागांच्या मागे लागतो. लागू द्यावं. दहा मिनिटांनी कुणाला तरी गणित सुचतं : ४ जागांना १२ बटणं लागतात, आणि आहेत १०.

शेवटची १५ मिनिटं हिशेबाची. हरलेल्या उमेदवाराची सगळी मतं वाया, आणि जिंकलेल्याची तिसऱ्या मताच्या वरची सगळी वाया, असं धरायचं. आडव्या रेघांच्या नकाशात जांभळ्यांची १० मतं वाया जातात, पिवळ्यांचं एकही नाही. वळणावळणांच्या नकाशात पिवळ्यांची ९ वाया, जांभळ्यांचं १. दोघांतला फरक भागिले एकूण मतं. पहिल्यात ४० टक्के पिवळ्यांच्या बाजूला, दुसऱ्यात ३२ टक्के जांभळ्यांच्या. याला 'एफिशियन्सी गॅप' म्हणतात. खऱ्या सूत्रात रेघ तिसऱ्या मतावर नसते, ती निम्म्या मतांवर असते. पण ५ मतांत अडीच कसं करणार? वर्गापुरतं ३ चालतं. ताळा सोपा : प्रत्येक मतदारसंघात २ मतं वाया जातात, म्हणून एकूण बेरीज कायम १०. बेरीज ९ किंवा ११ आली की एखादं घर मोजायचं राहिलं आहे किंवा दोनदा मोजलं गेलं आहे, ते शोधा.

याच हिशेबात उभ्या रेघांच्या नकाशालाही ८ टक्के तफावत येते. सगळ्यात न्याय्य वाटलेला नकाशाही शून्यावर येत नाही, हे मुलांना खटकतं. शिवाय त्या नकाशात पाचही जागा एकतर्फी आहेत. ५ विरुद्ध शून्य. तिथल्या प्रतिनिधीला दुसऱ्या पक्षाची भीती नाही, फक्त पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, स्वतःच्या पक्षातल्या प्राथमिक निवडणुकीची. चुरस हवी तर आडव्या रेघा चांगल्या, प्रमाण हवं तर उभ्या. या दोन नकाशांत दोन्ही एकदम मिळत नाहीत. या तासातला सगळ्यात मोलाचा वाद इथे होतो, आणि तो शिक्षकांनी मिटवू नये.

[दृश्य: जुनं व्यंगचित्र. पंख आणि नखं असलेला, नकाशाच्या आकाराचा प्राणी.]

शब्दाची कथा थोडक्यात. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी राज्याच्या सिनेटचे नवे मतदारसंघ आखणाऱ्या कायद्यावर सही केली. एसेक्स काउंटीतला एक मतदारसंघ सॅलमँडरसारखा, सरड्यासारख्या दिसणाऱ्या एका उभयचर प्राण्यासारखा दिसत होता. गेरी अधिक सॅलमँडर. हे व्यंगचित्र बोस्टन गॅझेटमध्ये २६ मार्च १८१२ रोजी छापून आलं. त्यांच्या आडनावाचा उच्चार गेरी असा, शब्द मात्र आज 'जेरी' होऊन बसला आहे. गव्हर्नरपद त्यांनी त्याच वर्षी गमावलं. त्यांच्या पक्षाने सिनेटच्या ४० पैकी २९ जागा राखल्या.

त्यानंतर बरोबर १५० वर्षांनी, २६ मार्च १९६२ रोजी, एपीच्या अभ्यासक्रमात नेमलेल्या बेकर विरुद्ध कार या खटल्याचा निकाल लागला. टेनेसी राज्याने १९०१ नंतर मतदारसंघ बदललेच नव्हते. शहरं फुगली, खेडी रिकामी झाली, जागा तशाच. अशा तक्रारी न्यायालय ऐकू शकतं, एवढंच सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी ठरवलं. हे 'एवढंच' मुलांकडून सुटतं. सगळे मतदारसंघ समान लोकसंख्येचे हवेत, हे १९६४ च्या खटल्यांत आलं. परीक्षेत ते सर्रास बेकरच्या नावावर खपवलं जातं.

दुसरा नेमलेला खटला शॉ विरुद्ध रीनो, १९९३ चा. नॉर्थ कॅरोलायनाचा बारावा मतदारसंघ सुमारे १६० मैल लांब होता, आय-८५ या महामार्गाच्या कडेने गेलेला, आणि काही ठिकाणी महामार्गाएवढाच रुंद. तो कृष्णवर्णीय मतदारांचं बहुमत व्हावं म्हणून आखलेला होता. वंशापलीकडे दुसऱ्या कशानेही समजावता येणार नाही अशी आखणी असेल तर न्यायालय ती कठोरपणे तपासेल, असा ५ विरुद्ध ४ निकाल. बेकर म्हणजे 'तक्रार ऐकणार का', शॉ म्हणजे 'वंशावर आखणी चालेल का'. वहीच्या एकाच पानावर दोन रकाने करून हे लिहून घ्यावं, कारण एपीच्या लेखी परीक्षेतल्या ४ प्रश्नांपैकी एकात नेमलेल्या खटल्याची अनोळखी खटल्याशी तुलना करायची असते.

[दृश्य: दोन राज्यांचे नकाशे, शेजारी शेजारी.]

आणि नुसत्या पक्षाच्या सोयीची आखणी? २०१९ च्या रूचो खटल्यात न्यायालय म्हणालं, हा प्रश्न संघीय न्यायालयांनी सोडवण्यातला नाही. पुन्हा ५ विरुद्ध ४. शिकवताना या निकालाची दोन्ही अंगं दाखवावी लागतात. नॉर्थ कॅरोलायनात रिपब्लिकन नेत्याने उघडच सांगितलं होतं की नकाशा १० विरुद्ध ३ असा आखू, कारण ११ विरुद्ध २ जमेल असं वाटत नाही. त्याच निकालात मेरीलँडचंही प्रकरण होतं. तिथे डेमोक्रॅटांनी सहावा मतदारसंघ असा फिरवला की नोंदणीकृत रिपब्लिकन सुमारे ६६ हजारांनी घटले आणि डेमोक्रॅट सुमारे २४ हजारांनी वाढले. एकच राज्य दाखवलं तर संध्याकाळी पालकांचा फोन येतो, आणि तो रास्त असतो. २०२५ च्या बातम्यांचंही तेच : टेक्सासने दशकाच्या मध्येच रिपब्लिकनांना ५ जागा वाढाव्यात असा नकाशा केला, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटांना तेवढ्याच वाढाव्यात असा नकाशा मंजूर केला. दोन्ही एकाच तासात, एकाच फळ्यावर.

आता एक नेहमीचा गोंधळ. गेरींची गोष्ट राज्याच्या सिनेटची होती; देशाच्या सिनेटला जेरीमँडरिंग लागत नाही. प्रत्येक राज्याला २ सिनेटर, आणि राज्याची सीमा कुणी दर १० वर्षांनी हलवत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीलाही नाही, अपवाद मेन आणि नेब्रास्काचा, तिथे काही इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्षासाठी मत देणारे राज्याचे प्रतिनिधी, मतदारसंघनिहाय ठरतात. प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहाच्या, जागा ४३५. जनगणनेनंतर त्यांतल्या कुठल्या राज्याला किती, हे एका ठरलेल्या सूत्राने निघतं. राज्याच्या आतली रेघ ही त्यानंतरची पायरी, आणि भानगड तिथे होते.

ती रेघ मारतं कोण? बऱ्याच राज्यांत खुद्द विधिमंडळ, म्हणजे ज्यांच्या पक्षाला निवडून यायचं तेच. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा त्याच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांतले आईवडील इथे मुलांपेक्षा जास्त चक्रावतात. भारतात लोकसभेच्या मतदारसंघांची पुनर्रचना परिसीमन आयोग करतो, सर्वोच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश त्याचा अध्यक्ष असतो, आणि आयोगाच्या आदेशाला न्यायालयात आव्हान देण्यावर राज्यघटनेतच बंधन आहे. अमेरिकेतही काही राज्यांनी आयोग नेमले आहेत. कॅलिफोर्नियाच्या आयोगात १४ नागरिक असतात : ५ डेमोक्रॅट, ५ रिपब्लिकन, ४ दोन्हींपैकी कुणाचेही नसलेले. न्यू जर्सीत १३ जण, दोन्ही पक्षांचे ६-६ आणि तेरावा कोंडी फोडणारा. तेरावा कोण, यावरच सगळं अडतं.

[दृश्य: बटणं डब्यात परत जातात. फोनच्या पडद्यावर पत्ता टाईप होतो.]

गृहपाठ एकच. प्रतिनिधिगृहाच्या संकेतस्थळावर आपल्या घराचा पत्ता घालून मतदारसंघ शोधायचा. नुसता ५ अंकी झिप कोड पुरत नाही. एकाच झिपमध्ये कधी दोन मतदारसंघ येतात आणि मूल दुसऱ्याच्याच प्रतिनिधीचं नाव लिहून आणतं. पूर्ण पत्ता घालायचा. मग २०१०च्या जनगणनेनंतरचा नकाशा आणि २०२०च्या नंतरचा नकाशा एकावर एक ठेवायचा, आपल्या घरावर टाचणी लावायची, आणि त्या टाचणीजवळून रेघ कुठून कुठे सरकली ते पेन्सिलने दाखवायचं. कागदाच्या मागे लिहायचं : ही रेघ कुणी मारली?