न्यूमोनियाची लस: कोणती घेतली आणि कधी?

नमस्कार, श्रोतेहो.

वागळे इस्टेटच्या कारखान्यांत उमेदीची वर्षं घालवलेले काका, तुर्भ्याच्या दगडखाणीत धूळ खाल्लेले मामा, गावी चुलीच्या धुरात स्वयंपाक करून आता मुलाकडे घोडबंदरला राहायला आलेल्या आजी. छातीचा डॉक्टर म्हणून मी रोज भेटतो ती ही माणसं. कुणाला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, कुणाला जुना दमा, कुणाचा टीबी बरा झाला पण फुप्फुसावर व्रण राहिले. न्यूमोनियाच्या लसीबद्दल विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच, "घेतलीय डॉक्टर, मागे कधीतरी." कोणती घेतली, कधी घेतली, ते मात्र घरात कुणालाच सांगता येत नाही. पुढचा डोस द्यायचा की नाही, हे तर त्यावरच ठरतं.

ही लस न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस या जंतूवरची आहे. त्याच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं आवरण असतं आणि त्या आवरणावरून त्याचे शंभरच्या आसपास प्रकार पडतात. यातल्या २३ प्रकारांवरची जुनी लस नुसत्या त्या आवरणापासून केलेली आहे. ती जंतूशी लढणारी प्रतिपिंडं तयार करते, पण शरीरात त्या जंतूची पक्की स्मृती राहत नाही, आणि काही वर्षांत जोर ओसरतो. दुसऱ्या जातीच्या लसीत हेच आवरण एका प्रथिनाला जोडलेलं असतं, म्हणून तिला कॉन्ज्युगेट म्हणतात. तिच्यामुळे स्मृती राहते. १३, १५, २० हे आकडे तिच्यात किती प्रकार आहेत ते सांगतात. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरच्या सुमारे ८४ हजार लोकांवर १३ प्रकारांची लस तपासली गेली. २०१५ साली निकाल आले. त्या १३ प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया जवळपास ४६ टक्क्यांनी कमी झाला होता. जंतू रक्तात शिरून होणारा गंभीर आजार तर ७५ टक्क्यांनी.

आता पुन्हा घेण्याचं. "पाच वर्षं झाली, पुन्हा टोचून घ्या" असं सोसायटीच्या कट्ट्यावर सर्रास सांगितलं जातं. सगळ्यांसाठी ते खरं नाही. ६५ नंतर २३ची लस घेतली असेल, तर केवळ फुप्फुसाच्या आजारासाठी तीच लस दर पाच वर्षांनी घेण्याची गरज नाही. उलट ती वारंवार घेतली तर शरीराचा प्रतिसाद मंदावू शकतो. प्लीहा काढलेली आहे, किडनी निकामी आहे, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं चालू आहेत, अशांचे नियम वेगळे. त्यांनी आपल्या डॉक्टरांकडूनच वेळापत्रक घ्यावं.

आजवर फक्त २३ची घेतली असेल, तर किमान एक वर्ष जाऊ द्या आणि २०ची कॉन्ज्युगेट घ्या. तिथे प्रश्न मिटतो. काहीच घेतलं नसेल, तर २०चा एकच डोस पुरतो. १३ किंवा १५ची मिळाली, तर वर्षभराने २३ची घ्यावी लागते. १३ आणि २३ दोन्ही झालेल्यांनी शेवटच्या डोसची तारीख घेऊन डॉक्टरांकडे जावं. तारीखच नसेल तर आम्ही अंदाजाने बोलतो, आणि मला ते अजिबात आवडत नाही.

म्हणून एक विनंती. अनेक लसींच्या सिरिंजवर सोलून निघणारा छोटा स्टिकर असतो, त्यावर नाव आणि बॅच नंबर छापलेला असतो. नर्सताईंना सांगून तो फाईलच्या पहिल्या पानावर लावून घ्या, शेजारी तारीख लिहा आणि त्या पानाचा फोटो मुलीच्या किंवा सुनेच्या मोबाईलवर पाठवा. फाईल कपाटात राहते. इमर्जन्सीत हाताशी असतो तो मोबाईल.

लहान मुलांना कॉन्ज्युगेट लस २०१७पासून सरकारी कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने मिळू लागली, आणि २०२१मध्ये ती देशभर पोचली. हा जंतू नातवंडांच्या नाकाघशात मुक्काम करतो, त्यामुळे त्यांना लस मिळाली की आजी-आजोबांचाही थोडा बचाव होतो. ज्येष्ठांना मात्र ती बहुतेक वेळा पदरचे पैसे मोजून घ्यावी लागते आणि ती स्वस्त नाही. दमेकरी ज्येष्ठांना ती महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

लस घेतली म्हणजे न्यूमोनिया होणारच नाही, असं नाही. विषाणूंमुळे आणि इतर जंतूंमुळेही तो होतो. म्हाताऱ्या माणसाला कधीकधी ताप येतच नाही. जेवण सुटतं, बोलणं असंबद्ध होतं, नेहमीच्या दोन जिन्यांऐवजी एकाच जिन्यात दम लागतो. बेडक्याचा रंग बदलतो. असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

ही लस जिवंत जंतूंची नाही, त्यामुळे तिच्यापासून न्यूमोनिया होत नाही. दंड एक-दोन दिवस दुखतो, अंग किंचित तापतं. दम्याचा पंप चालू असला तरी लस घेता येते. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते. ती त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेतली तरी चालते. चांगला ताप असेल तर मात्र उतरेपर्यंत थांबा, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टोचण्याआधी नर्सताईंना आठवणीने सांगा.

नमस्कार.