जावाची साक्ष

परदेशातल्या भारतीय प्रभावाचा विषय निघाला की अंगकोर, बोरोबुदुर आणि योगदिन ही नावं ठरलेली. आज ती बाजूला ठेवू. इथे पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेत हा प्रभाव उलट्या दिशेने कामी आला, तिथून सुरुवात करतो.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक पोथ्या ताडून जुन्यात जुना पाठ ठरवण्याचं, काम १९१९ला सुरू झालं, १९२५पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली आणि १९६६मध्ये ते पुरं झालं. पद्धत मोठी चिकाटीची. चौकटी आखलेल्या कागदावर नीलकंठी पाठाचा (नीलकंठांच्या टीकेसोबतचा, सर्वत्र चालणारा पाठ) श्लोक लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ. फरक असेल तेवढंच अक्षर भरायचं. शारदा, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या यात आल्या. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी जुळली, की तो पाठ जुना धरायचा, कारण एवढ्या अंतरावरून एकमेकींची नक्कल होण्याचा संभव कमी. पण हाती आलेल्या बहुतेक पोथ्या सोळाव्या शतकानंतरच्या. त्याआधीचा साक्षीदार आणायचा कुठून?

तो इंडोनेशियातल्या जावा बेटावर होता. पूर्व जावाच्या धर्मवंश तगुह राजाच्या काळात, इसवी सन ९९६मध्ये, विराटपर्वाच्या जुन्या जावानीज गद्य रूपांतराचं वाचन झालं. ही तिथी ग्रंथातच नोंदलेली आहे. अशी आठ पर्वं आज मिळतात. रूपांतरकार कथा थोडक्यात सांगतो, पण मध्येच संस्कृत श्लोकाचा एखादा चरण तसाच ठेवतो आणि पुढे जावानीजमध्ये अर्थ देतो. हे तुकडे आपल्या बहुतेक पोथ्यांपेक्षा निदान पाचशे वर्षांनी जुने. सुकथनकरांनी आदिपर्वासाठी त्यांची साक्ष काढली.

मात्र ही साक्ष जपून घ्यावी लागते. पुढे बालीत ज्यांनी नकला केल्या, त्यांना संस्कृत येत नव्हतं. ऱ्हस्व-दीर्घ गेलं, श-ष-स एक झाले. म्हणून तुकडा आधी वृत्तात बसवून बघायचा, बहुधा अनुष्टुभाच्या आठ अक्षरांत. मग शेजारच्या जावानीज अर्थाशी ताडायचा. पुण्याचा पाठ त्यानंतरच उघडायचा. हा क्रम उलटा केला, की साक्षीदाराच्या तोंडी आपणच उत्तर घातलं. दुसरी चूक नेहमीची: जावानीजमध्ये प्रसंग नाही, म्हणजे मुळातच नव्हता. सारांशावरून असं कधीच म्हणता येत नाही.

आता हे टिकलं कसं, ते बघा. ताडाचं पान सुकवायचं, भिजवायचं, औषधी मसाल्याच्या पाण्यात उकळायचं, पुन्हा सुकवून दाबात ठेवायचं. सुरीसारख्या टोकदार हत्याराने अक्षर कोरायचं. तेव्हा ते जेमतेम दिसतं. केमिरी नावाच्या तेलकट बीची काजळी चोळून पुसली, की उठतं. तिथल्या दमट हवेत आणि किड्यांपुढे असं पान फार पिढ्या निघत नाही. नव्याने नक्कल झाली नाही, तर ग्रंथ संपला.

आणि नक्कल होते ती गरज असेल तरच. बालीत ती गरज वाचनसभा पुरवते. एक जण जुनी ओळ गातो, दुसरा लगेच बाली भाषेत अर्थ सांगतो. लघु-गुरूला चूक झाली, की बसलेले टोकतात. ११५७मध्ये सेडाह आणि पानुलुह या कवींनी जयभय राजासाठी भारतयुद्धावर काव्य रचायला घेतलं. अशा काव्यांत शार्दूलविक्रीडितासारखी संस्कृत वृत्तं येतात, तीही ऱ्हस्व-दीर्घाला फारसं महत्त्व नसलेल्या भाषेत!

जावाच्या छायानाट्यात, म्हणजे म्हशीच्या कातड्याच्या बाहुल्यांच्या वायांगमध्ये, द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची पत्नी आहे, शिखंडी बाई आहे आणि अर्जुनाची बायको आहे. सेमार हा विदूषकी सेवक आणि त्याची मुलं तर व्यासांच्या गावीही नाहीत. आपल्याकडे याला कुणी ‘बिघडलेलं महाभारत’ म्हणतं. मला ते मुळीच पटत नाही. ही मोकळीक नसती, तर रात्रभर बसून ते बघायला कोण आलं असतं?

पुढचं बोलायचं, तर आपला भर अजून पाठवण्यावर आहे: पुतळे, नृत्यपथकं, ठरावीक मुदतीची अध्यासनं. प्राध्यापक परतले, की तिथलं कपाट बंद. याउलट बी. के. एस. अय्यंगारांचा योग पसरला, कारण त्या-त्या देशातल्या माणसांनी शिक्षक होऊन तो शिकवला. घेणाऱ्याची भाषा शिकणं मात्र आपण टाळतो.

पुण्यातल्या संस्कृतच्या विद्यार्थ्याने आधी इंडोनेशियन शिकावी. ती रोमन लिपीत लिहितात, क्रियापदं पुरुष-वचनाप्रमाणे बदलत नाहीत. मग जुनी जावानीज. झुटमुल्डर या डच अभ्यासकाच्या १९८२च्या जुन्या जावानीजच्या कोशात २५,००० हून जास्त शब्द आहेत, त्यांतले जवळपास निम्मे संस्कृतातून आलेले. इथेच संस्कृतवाला फसतो. ओळखीचा शब्द दिसला, की कोश न उघडता पुढे जातो, आणि अर्थ तिथे बदललेला असतो. युनिकोडमध्ये बाली लिपी २००६ला आणि जावानीज लिपी २००९ला आली, तेव्हा टंकलेखनाचीही सबब उरलेली नाही. सुरुवात महाप्रस्थानिक पर्वापासून करावी. आपल्या आवृत्तीत ते तीनच अध्यायांचं आहे, आणि जावानीज रूपही उपलब्ध आहे.