पाण्यातला रंग काढला, पुढे काय?

नमस्कार मंडळी! ही बरणी बघा. सुती कापड रंगवून झाल्यावर उरलेलं हे लाल पाणी. यात थोडं ब्लीच घालतो आणि ढवळतो. बघता बघता रंग उतरला. आता टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, बुडवू. आकडा उतरायचं सोडून वर चढलाय! आधीचं मीठ तसंच आहे, त्यात ब्लीचमधल्या क्षारांची भर पडली. शिवाय क्लोरीनमुळे काही घातक संयुगं तयार होतात, ती वेगळीच.

हे मीठ येतं कुठून? सुती कापडाला रिअॅक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा रंग, नीट बसावा म्हणून रंगाच्या पाण्यात मीठ घालतात. गडद रंगाला लिटरमागे ५० ते ८० ग्रॅम सहज लागतं. कापडाला त्यातलं काहीच चिकटत नाही, सगळं सांडपाण्यात जातं. रंगाचाही बराच भाग धाग्याला न धरता पाण्यातच राहतो. हे रंग पाण्यात इतके विरघळतात की तुरटीने नीट खाली बसत नाहीत.

बरेचसे रंग अॅझो जातीचे, म्हणजे रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंची जोडी असलेले. ऑक्सिजन नसलेल्या टाकीतले जिवाणू ही जोडी तोडतात आणि रंग जातो. पण मागे अॅरोमॅटिक अमाइन्स राहतात, त्यातली काही कर्करोगाला कारण ठरणारी. म्हणून ते पाणी पुढे हवा सोडलेल्या टाकीत न्यावंच लागतं, तिथले जिवाणू ही अमाइन्स तोडतात. पाणी नितळ दिसलं की तिथेच थांबणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

तमिळनाडूतल्या तिरुप्पूर या कापड रंगाईच्या शहराने याची किंमत मोजली आहे. नोय्यल नदीवर शेतीसाठी ओरत्तुपाळयम धरण बांधलं आणि त्यात रंगाईचं खारं पाणी साठलं. खालच्या गावांतल्या विहिरी आणि जमिनी खारावल्या. शेतकरी कोर्टात गेले, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही, ही अट पाळणाऱ्यांनाच पुन्हा सुरू करता आले.

म्हणजे करतात काय? जिवाणूंच्या टाक्यांनंतर पाणी दाबाने आरओच्या पडद्यातून काढतात. बरंचसं गोडं पाणी परत रंगाईला मिळतं. उरतं ते दाट खारं पाणी. ते आटवायला प्रचंड वाफ, म्हणजे प्रचंड इंधन लागतं. त्यामुळे तिरुप्पूरमधल्या काही सामायिक सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांनी जास्त शहाणा मार्ग धरला: या खाऱ्या पाण्यातला रंग आणि कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) काढायचा आणि तेच पुढच्या रंगाईत मिठाच्या जागी वापरायचं. मला हा सगळ्यात पटतो, कारण इथे मीठ विकत घेणंही कमी होतं आणि आटवणंही.

तरी सगळंच खारं पाणी असं वापरता येत नाही. उरलेलं आटवल्यावर क्षारांचा मिश्र गाळ हाती येतो. त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. तो पोत्यांत भरून, पावसाचं पाणी लागणार नाही अशा शेडखाली साठवावा लागतो.