टाकळीच्या दगडातले शंख

हिस्लॉप कॉलेज. नागपुरात हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. ज्याच्यावरून ते पडलं, तो स्टीफन हिस्लॉप १८४५ साली स्कॉटलंडहून धर्मप्रसारासाठी इथे आला. त्या कामाबद्दल मतं वेगळी असू शकतात. आम्हाला तो भावतो तो त्याच्या बघण्यामुळे.

हा काळा दगड पाहा. बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहत इथवर आला, थिजला. पुढचा लोट येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला. त्या काळात वर तळी साचली, तळ्यांत गोगलगायी वाढल्या, काठावर झाडं उगवली. मग नव्या लाव्हानं ते सगळं झाकून टाकलं. टाकळीला, म्हणजे आज जे नागपूर शहरातच आलंय तिथे, दोन थरांच्या मधल्या पातळ पट्ट्यात हिस्लॉप आणि त्याचा सहकारी हंटर यांना हे शंख सापडले. बिया, फळं, दगड झालेलं लाकूडही. १८५५ साली त्यांनी ते जगापुढे मांडलं. टाकळीत त्याआधीही माणसं राहत होतीच, पण थांबून वाकून बघणारे हे दोघे निघाले.

याच हिस्लॉपनं गोंडांची गाणी ऐकून उतरवून घेतली. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे गोलाकार मांडलेले प्राचीन दगड, पाहून परतताना पुराच्या पाण्यात तो बुडाला.

आज मोबाईलवर नागपूर मिनिटभरात उरकतं. झिरो माईल, फुटाळा, तर्री-पोहे, की लगेच पुढचा व्हिडिओ. मजा येते, नाही असं नाही. पण झिरो माईलच्या घोड्यांसोबत फोटो काढल्यावर एकच प्रश्न जास्तीचा विचारून बघा: हा खांब कशाचा? उत्तर देशाच्या जमिनीच्या मोजणीपाशी नेतं. १८०२ साली ती मोजणी सुरू करणारा लॅम्ब्टन नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारला, १८२३ साली. त्याची कबर तिथेच आहे. एका प्रश्नात एवढं हाती लागतं, आणि आपण तो विचारायचाच सोडून दिलाय, याचं खरंच वाईट वाटतं.

काटोल रोडनं जुनापाणीला या. लोहयुगातली शिळावर्तुळं इथे शेकड्यानं आहेत. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेत. उभ्या उभ्या ते नजरेतून निसटतात, म्हणून खाली बसा, बोट फिरवा. ते कशासाठी कोरले, यावर अभ्यासकांचं अजून एकमत झालेलं नाही.