आधी मुक्काम, मग वाट

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी आटोपली, घाटातला चिखल वाळला, की पुण्यातल्या ट्रेकर मंडळींच्या गप्पांत एक नाव हमखास निघतं, लोणावळा ते भीमाशंकर. वळवण, कुसूर, सावळे, वांद्रे असं करत सह्याद्रीच्या माथ्यावरून जाणारी रानवाट. ही एका दमात उरकायची गोष्ट नव्हे, मुक्काम करावाच लागतो. आणि माझं ठाम मत आहे, की रात्र कुठे काढायची ते आधी ठरवावं, वाट त्यानंतर आखावी.

हे मला एका फेब्रुवारीत कळलं. नकाशावर ओढ्याची निळी रेघ होती, म्हणून आम्ही तिथेच मुक्काम धरला. पोचलो तर ओढ्यात नुसते दगडगोटे. चौघांत मिळून दीड बाटली पाणी. अंधारात शोधायला निघालो आणि ढोरवाटांनी चकवलं. गुरांच्या या वाटा चांगल्या मळलेल्या असतात, अगदी खऱ्या वाटतात, आणि शंभर पावलांवर कारवीत विरून जातात. शेवटी लांबून कुत्रं भुंकलं, त्या रोखानं गेलो. घरातल्या आजींनी काही न विचारता तांब्या पुढे केला. म्हणाल्या, "आदी पानी प्या, मंग सांगा कुठलं ते."

मग चुलीपुढच्या राखेत त्यांनी बोटानं तीन रेघा ओढल्या. हा ओढा संक्रांतीपर्यंत. हा झरा होळीपर्यंत. आणि ही विहीर, हिला बारा महिने पाणी. त्या रानाचा इतका नेमका नकाशा मी आजवर पाहिलेला नाही.

तेव्हापासून निघायच्या आधी मी वाटेवरच्या गावात फोन करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, पाणी कुठवर टिकलंय? मुक्काम गावाजवळच धरतो. देवळाच्या ओसरीवर किंवा शाळेच्या व्हरांड्यात पथारी पसरायची, तीही विचारूनच. भाकरी किती लागतील ते आदल्या दिवशी कळवावं आणि पैसे घासाघीस न करता द्यावेत.

वेळेचं गणित सोपं आहे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, पण दाट झाडीत साडेपाचलाच अंधारतं. चारला मुक्कामावर पोचायचं असं धरून उलटा हिशेब करा. माणशी चार लिटर पाणी म्हणजे पाठीवर चार किलो, त्यामुळे बाकीचं सामान निर्दयपणे कमी करा. टॉर्च मात्र प्रत्येकाची वेगळी हवी. फुरसं हा छोटा विषारी साप, वाळल्या पाचोळ्यात दिसतच नाही. सकाळी बूट झटकूनच घाला.

भीमाशंकरचं रान 1985पासून अभयारण्य आहे. शेकरूचं घर आहे ते. तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय रात्री जंगलात राहता येत नाही, म्हणून शेवटचा मुक्काम अलीकडच्या गावात धरा. आणि सुकलेल्या गवतात शेकोटी नकोच. एका ठिणगीनं अख्खा डोंगर वणव्यात जातो.

पठारावर बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. म्हणून कुठल्या रात्री कुठल्या गावात असू आणि परत कधी येऊ, हे कागदावर लिहून घरी ठेवा. माझा कागद आई देव्हाऱ्याशेजारी ठेवते, आणि मी भीमाशंकरहून एसटीत बसल्याचा फोन केला, की त्यावर काट मारते.

नमस्कार.